काटा शून्यावर आहे का? नवशिक्या पेशंटसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या नव्या पेशंटांसाठी आहे, आणि एकेका पेशंटासोबत येणाऱ्या तिघा-तिघा नातेवाइकांसाठीही. लेखक डॉक्टर नाही. त्याची पात्रता एवढीच, की त्याचे वडील, आप्पा, चाळीस वर्षं मोंढ्यात मुनीम होते आणि आता बीपी-शुगरचे पेशंट आहेत. म्हणजे आधी दुसऱ्यांचा माल मोजला, आता स्वतः मोजले जातात. त्यांना घेऊन दवाखान्यांत बसून-बसून लेखकाला जे कळलं ते खाली पाठवार दिलं आहे.

पूर्वतयारी

साहित्य: जुन्या रिपोर्टांची फुगलेली पिशवी, सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि 'सगळं कळणारा' एक भाऊजी. चष्मा विसरलात तरी चालेल. रिपोर्ट कुणी वाचत नाही, ठळक छापलेलं तेवढं बघतात. संशय मात्र घरून आणावा.

संशयाचं शिक्षण आपल्याकडे फुकट मिळतं. मोंढ्यात सोयाबीन घातलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एका दुकानी मॉइश्चर १४ दाखवतं, शेजारच्या दुकानी त्याच मालाचं १२. शेतकरी भांडतो. वरचे दाणे नको, पोत्याच्या मधले घे म्हणतो. माल चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का बघतो, मापाड्याचा पाय कुठं आहे ते बघतो, कडता किती कापणार हे आधी बोलून घेतो. हाच माणूस तासाभराने दवाखान्यात जातो. तिथला मापाडी "एकशे सत्तर" म्हणतो, आणि हा मान खाली घालून एकशे सत्तर घरी घेऊन येतो. ना शून्य विचारलं, ना कडता.

पाठ पहिला: बीपी

चुकीची पद्धत आधी शिकावी, कारण ती सगळ्यांना येते. मंठ्याहून सकाळच्या एसटीने उभ्याने या. स्टँडवर उतरलात की कडक चहा, जमल्यास तंबाखूची चिमूट. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असतो, जिना चढा. नंबर तेविसावा लागेल. लघवीला जाऊ नका, नंबर जाईल. नाव पुकारलं की लगबगीने आत शिरा, टेकू नसलेल्या स्टुलावर बसा, पाय लोंबते ठेवा, शर्टाची बाही वर गुंडाळून दंडाला तिचा चांगला काच बसू द्या, हात मांडीवर टाका. पट्टा फुगत असताना कंपाउंडरला गावाकडच्या पावसाचं सांगायला लागा. तो म्हणेल, "काका, एकशे सत्तर हाय." झालं. तुम्ही आता पेशंट आहात.

यातल्या बहुतेक पायऱ्या आकड्यात आपापली भर टाकतात. बोलल्याने वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो, तुंबलेल्या लघवीनेही जवळपास तेवढाच. हात हृदयाच्या खाली लोंबत असेल तर आकडा वर, डोक्याकडे उचलला तर खाली. ही साधी पाण्याच्या टाकीची गोष्ट आहे. चहा, तंबाखू, जिना यांचं वेगळं. कुणाचं खरं बीपी १४५ असेल, कुणाचं १३० असेल. गोळी मात्र दोघांना १७० ची.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हाताखाली छातीच्या उंचीला आधार. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि सरासरी धरायची. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बघायचं. यात सगळ्यात अवघड पायरी गप्प बसण्याची. आमच्या वेटिंग रूममध्ये पाच मिनिटं न बोललेला एकच माणूस मी पाहिला, तो झोपलेला होता.

पट्टा हा वेगळा विषय आहे. इटलीतल्या तुरीन शहरात रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला फुगवायचा पट्टा बांधून बीपी मोजण्याचं साधं यंत्र काढलं. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. १९०१ मध्ये जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं की पट्टा अरुंद असला की आकडा फुगतो. म्हणजे हे ज्ञान सव्वाशे वर्षं जुनं आहे. आता मोंढ्यातला हमाल डोळ्यांपुढे आणा. तीस वर्षं पोती वाहून दंड मांडीसारखा झालेला. त्याला दवाखान्यातला एकुलता एक मध्यम पट्टा बांधला तर तो कसाबसा वेढा घेतो, आणि बीपी असो-नसो, हमाल हाय बीपीचा पेशंट होऊन बाहेर पडतो. त्याच पट्ट्यात एखाद्या हडकलेल्या आजीचा दंड दोन वेढ्यांत हरवतो आणि आकडा खोटाच खाली येतो. आतली हवेची पिशवी दंडाला साधारण ऐंशी टक्के वेढेल असा पट्टा हवा. तेव्हा विचारायचं, "भाऊ, मोठा पट्टा हाय का?" पहिल्यांदा विचारलंत की लोक हसतात.

रिव्हा-रोचींना फक्त वरचा आकडा मिळत होता, तोही मनगटाची नाडी चाचपून. कानाने ऐकून दोन्ही आकडे घ्यायची युक्ती १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी सांगितली. आता घरोघरी आलेलं बटणाचं यंत्र काहीच ऐकत नाही. ते पट्ट्यातली थरथर टिपतं आणि कंपनीने आत भरलेल्या गणिताने वरचा-खालचा आकडा काढतं. ठोके नियमित असतील तर हे बऱ्यापैकी जमतं. काही वृद्धांचे ठोके वेडेवाकडे पडतात, तिथं यंत्र गोंधळतं आणि तरीही पडद्यावर आकडा मात्र ठणठणीत दाखवतं.

शिबिरातल्या बीपीबद्दल एक टीप. डायलवर दोन-दोन अंकांच्या रेघा असतात, म्हणजे शेवटी शून्य येण्याची पाळी पाचातून एकदाच यायला हवी. शिबिराचं रजिस्टर उघडून बघा. १२०/८०, १३०/८०, १२०/८०, १४०/९०. सगळं गाव शून्यावर संपतं. दुपारी जेवणाची वेळ जवळ आली की १२०/८० चं प्रमाण वाढतं, हे लेखकाचं स्वतःचं निरीक्षण आहे; त्यावर कुणी प्रबंध लिहायचा असेल तर हरकत नाही.

आणि एवढं सगळं बरोबर करूनही काहींचं बीपी डॉक्टरांना बघूनच चढतं. त्यांनी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून तो कागद न्यावा. उलटंही असतं: दवाखान्यात शांत आणि घरी चढलेलं. घर कसं आहे त्यावर ते असावं.

पाठ दुसरा: शुगर

तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करावं, म्हणजे रिपोर्ट चांगला येतो. तपासणी झाली की लॅबसमोरच्या गाड्यावर जिलेबी. ही पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की शाळेच्या परीक्षेची सवय माणूस मरेपर्यंत सोडत नाही असं म्हणावं लागतं. 'उपाशीपोटी या' याचा अर्थ 'चहा चालतो' असा घ्यावा. "साखरेचा नाही घेतला, गुळाचा घेतला," असं आमच्या आत्याने लॅबवाल्या पोराला खुलासा दिला होता.

पण असल्या परीक्षार्थींना पकडणारा एक मास्तर आहे. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढे दिवस साखर त्यांना चिकटत राहते. चार दिवसांच्या पथ्याने ती निघत नाही. ६.५ किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह म्हणतात, पण तिथंही शक्यतो पुन्हा तपासून खात्री करतात. मास्तर कडक आहे, पण त्यालाही डोळ्यांचा दोष आहे. अंगात लोह कमी असलं की हा आकडा विनाकारण वर सरकू शकतो. तांबड्या पेशी अकाली फुटत असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर खोटाच खाली येतो. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं किती साधारण आहे हे सांगायला नको. आत्याचं एचबीए१सी ६.६ आलं आणि घरात सुतक पडलं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शुगर वेगळ्या पद्धतीने तपासली.

आता घरचं ग्लुकोमीटर. या यंत्राचा कडता आंतरराष्ट्रीय नियमातच लिहून ठेवला आहे. शंभरच्या पुढे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा लॅबच्या आकड्याच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे आलं, की यंत्र पास. म्हणजे लॅबमध्ये २०० असलेली शुगर घरी १७० दिसली काय आणि २३० दिसली काय, यंत्राची चूक नाही. काल १८० होती, आज १९५ आली म्हणून रात्रीची भाकरी काढून घेणाऱ्या सुनांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. शुगर कुठं चालली आहे, ती एकदम पडली का, इन्सुलिन घेणाऱ्याला घाम कशाने फुटला, हे कळायला हे छोटं यंत्र अमूल्य आहे. मधुमेह आहे की नाही याचा निकाल मात्र त्यावर लावायचा नसतो.

जालन्यासाठी यात एक खास कलम आहे. आपली मोसंबी. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ग्लुकोमीटरशी तिचं वैर आहे. गेल्या हंगामात आप्पांनी नातीला मोसंबी सोलून दिली. स्वतः एक फोड खाल्ली नाही. हे शपथेवर सांगत होते. मग बोट टोचलं आणि यंत्रावर ३१२. घरात धावपळ. कुणी मेथीदाणे शोधतंय, कुणी रिक्षा. आप्पा तेवढे शांत. म्हणाले, "काटा साफ हाय का ते आधी बघा." साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाने मोजलं: १४८. सालीतला-रसातला गोडवा बोटाला लागलेला होता आणि यंत्राने तो इमानदारीने मोजला. जपानमध्ये संशोधकांनी फळं सोलायला लावून हाच प्रयोग केला आहे. स्पिरिटचा बोळा फिरवूनही आकडा चढाच राहिला, नळाखाली हात धुतल्यावर खरा आला. हात ओले राहिले तर उलट होतं, रक्त पातळ होतं. धुवा आणि पुसा.

दुसरं कलम उन्हाळ्याचं. पट्ट्यांच्या डबीवर बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की तीस अंशांच्या वर ठेवू नका. मे महिन्यात जालन्यात तीस अंश सावली फक्त माठात सापडते. ती डबी टीव्हीवर, खिडकीत, पत्र्याच्या खोलीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवली, की पट्ट्या आतल्या आत खराब होतात आणि तरीही आकडा देतात. फ्रीजमध्येही नको, ओल धरते. घरातल्या सगळ्यात गार कपाटात, झाकण घट्ट लावून.

तिसरं कलम प्रवासाचं. तालुक्याच्या गावी रक्त घेतात आणि ते बसने जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातं. बाटलीतल्या पेशी जिवंत असतात, त्यांनाही भूक लागते. नुसत्या बाटलीत तासाला पाच-सात टक्के साखर त्याच खाऊन टाकतात. राखाडी टोपणाच्या बाटलीतलं औषध त्यांना आवरतं, पण त्यालाही पहिला तास-दोन तास पूर्ण ताबा मिळत नाही. त्यामुळे वाटेत जेवलेलं रक्त 'नॉर्मल' रिपोर्ट देऊ शकतं. रक्त कधी घेतलं आणि यंत्राला कधी लावलं, या दोन वेळा विचाराव्यात. आडत्याला आपण माल कधी उतरला ते विचारतोच की.

पाठ तिसरा: ताप

हाताचा पंजा मुलाच्या कपाळावर ठेवा, मग स्वतःच्या. मायला हे बऱ्यापैकी जमतं, पण तिला आकडा सांगता येत नाही म्हणून थर्मामीटर. काखेतलं तोंडातल्यापेक्षा कमी येतं. कुठं लावलं ते सांगायचं. कोरोनाच्या काळात दारोदार आलेली कपाळावर रोखायची बंदूक साधारण चाळीस अंशांच्या आतल्या हवेत काम करायला बनवलेली असते. ती मे महिन्यात उन्हात उभ्या राखणदाराच्या हाती दिली. मला एका दारात ताप निघाला आणि वीस पावलांवरच्या एसीच्या दुकानात मी मेल्यागत गार निघालो. पाठ संपला.

पाठ चौथा: टायफॉइड निघाला, पेशी उतरल्या

पावसाळा सरता-सरता ही दोन वाक्यं जिल्ह्यात सगळ्यात जास्त बोलली जात असावीत.

टायफॉइड 'निघतो' तो बहुधा विडाल टेस्टमध्ये. फ्रान्सच्या फेर्नां विडाल यांनी ही तपासणी १८९६ मध्ये सांगितली, रिव्हा-रोचींच्या पट्ट्याच्याच साली. ती जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध अंगाने कधीतरी जी फौज उभी केली तिची खूण शोधते. ती फौज दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडची असू शकते, लशीची असू शकते, दुसऱ्याच तापाने चाळवलेली असू शकते. नळाला कसलं पाणी येतं हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावात धडधाकट माणसांचीही विडाल थोडीफार पॉझिटिव्ह येते. विडालला खरा अर्थ येतो तो सात-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा केली आणि आकडा चौपट चढला तर. आपण ती तापाच्या दुसऱ्या दिवशी एकदाच करतो आणि संध्याकाळी सलाईन लावून घेतो. त्यापेक्षा भरवशाचं ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. त्याला दिवस लागतात आणि दहातले चारेक पेशंट त्याच्याही हातून निसटतात. पण जंतू सापडला तर कुठल्या औषधाला दबतो तेही कळतं. "टायफॉइड निघाला" असं सांगायला सोपं असतं, म्हणून विडाल टिकून आहे असं माझं मत.

डेंगीतल्या पेशींचं, म्हणजे प्लेटलेटचं, नाटक मोठं. दीड लाखाच्या खाली आकडा आला की पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध, आणि कुठल्या बेडवर कुणाच्या किती याचा कट्ट्यावर लिलाव. "आमच्या चाळीस हजार." "आमच्या सकाळी बावीस व्हत्या." ज्याच्या सगळ्यात कमी त्याच्या नातेवाइकांना चहा आधी मिळतो.

यंत्र या पेशी कशी मोजतं? रक्त एका बारीक छिद्रातून सोडतं आणि जाणाऱ्या कणांचा आकार बघून वर्गवारी करतं. बारीक कण दिसला की प्लेटलेट. म्हणून मोठ्या आकाराच्या प्लेटलेट हुकतात. बाटलीतल्या औषधामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात. यंत्र त्या मोजतच नाही आणि धडधाकट माणसाच्या वीस हजार दाखवतं. तांबड्या पेशींचे तुकडे पडले असतील तर त्यांनाच प्लेटलेट समजून आकडा वाढवतं. अविश्वसनीय आकडा आला की काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याने बघायचं असतं. मोंढ्यात याला ढिगात हात घालून बघणं म्हणतात.

डेंगीत जीव धोक्यात येतो तो बऱ्याचदा रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपल्याने, आणि तेही ताप उतरताना, सगळे 'बरं झालं' म्हणत असताना. पोट दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, गार हातपाय, रक्त घट्ट होत जाणं, बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर कमी होणं: डॉक्टर यांच्यावर डोळा ठेवून असतात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या वर पेशी चढवायची वेळ सहसा येत नाही. पण गार हातपाय व्हॉट्सअॅपवर पाठवता येत नाहीत, बावीस हजार पाठवता येतात.

पाठ पाचवा: बोटाचा चिमटा

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा हा चिमटा मिळेना, आणि मिळाला तर किंमत विचारू नका अशी होती. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं: तांबडा आणि न दिसणारा अवरक्त असे दोन उजेड बोटातून आरपार सोडायचे, आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त कोणता किती शोषतं ते बघायचं. थंडगार बोट, हलणारं बोट, नेलपॉलिश, लग्नाची गडद मेंदी यांनी आकडा बिघडू शकतो. त्वचा गडद असेल तर यंत्र जरा खुशामत करतं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के होतं, काळ्या पेशंटांत ११.७. आपले सगळे रंग या दोहोंच्या मध्ये कुठंतरी बसतात.

पण खरी मेख वेगळीच आहे. ९८ म्हणजे शंभर सीटांपैकी ९८ भरलेल्या. डेपोतून गाड्या किती सुटल्या हे चिमटा सांगत नाही. हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईचंही सॅच्युरेशन ९८ येतं. गाड्या निम्म्या, पण आहेत त्या खचाखच. चुलीच्या किंवा जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड सीटवर बसला तर चिमट्याला तोही ऑक्सिजनच वाटतो. धाप लागलेल्या माणसाला "नव्वदच्या वर हाय, झोप गप" म्हणू नये.

पाठ सहावा: वजन, उंची आणि दंड

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमच्या केतले यांची, एकोणिसाव्या शतकातली. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. एकेका माणसाचं निदान हा त्यांचा धंदाच नव्हता. हा बीएमआय आपल्याकडे कसा फसवतो, याचं सगळ्यात झकास उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने बाळंही मोजली: सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हडकुळी दिसायची, चरबी मात्र त्या मानाने राखून होती. आप्पांचा बीएमआय २१ आहे. "मला शुगर होईलच कशी, मी तर वाळका," असं ते कितीतरी वर्षं म्हणत होते. आशियाई माणसांसाठी २३ च्या पुढेच जपायला सांगतात ते उगीच नाही. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप पोटाला लावा आणि श्वास ओढून धरू नका.

लहान पोरांसाठी अंगणवाडीत जी पट्टी आहे ती मला सगळ्या यंत्रांत आवडते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. बॅटरी नाही, बिघाड नाही, वाचता येत नसलेल्या आजीलाही रंग कळतो. टांगत्या काट्यावर हातपाय झाडणाऱ्या पोराचं वजन घेऊन बघा म्हणजे पट्टीची किंमत कळेल. तिलाही मर्यादा आहेत. जरा आवळली तर हिरवं पोर पिवळं होतं, ढिली सोडली तर लाल पोर वाचल्यागत दिसतं. आणि वजन-उंचीच्या तक्त्यात कुपोषित ठरणारी सगळीच मुलं पट्टीत सापडत नाहीत, पट्टीतली सगळीच तक्त्यात सापडत नाहीत. तरी सगळ्यात मोठी चूक पट्टीत नसते. दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांतली माणसं ऊसतोडीला जातात, पोरंही कोयत्यामागे जातात. चार-पाच महिने त्यांचा दंड कोण मोजतं? रजिस्टरात त्या रकान्यात एक आडवी रेघ असते. आडव्या रेघेची सरासरी निघत नाही, म्हणून गावाची टक्केवारी सुधारलेली दिसते.

पाठ सातवा: पॅकेज

हजाराच्या आत सत्तर-ऐंशी टेस्ट, घरी येऊन रक्त नेतात. घ्यावं का? आधी एक हिशेब. 'नॉर्मल' म्हणजे बहुधा धडधाकट माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा. उरलेले पाच टक्के धडधाकट असूनही ठळक अक्षरात छापले जातात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. साठ केल्या तर ९५ च्या वर. म्हणजे एवढं मोजूनही ज्याचं काहीच ठळक आलं नाही, तोच खरा नवलाचा. मग त्या ठळक आकड्यासाठी पुढची टेस्ट, तिच्यातल्या ठळकासाठी सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या ठिपक्यासाठी संभाजीनगर. ज्याला तक्रार आहे, डॉक्टरांनी तपासून काही मनात धरलं आहे, त्याची तपासणी बोलते. तक्रार नसलेल्याचे ऐंशी आकडे नुसते कलकलाट करतात. अपवाद बीपी, शुगर असल्या मोजक्यांचा; ती तिशीनंतर तक्रार नसतानाही बघावीत, कारण ती तक्रार करत नाहीत.

सराव

घरी एक दोनशेपानी वही घ्यावी. आप्पांनी मोंढ्याची सवय म्हणून लाल कापडी बांधणीची घेतली आहे. मागच्या महिन्यात आम्ही नव्या दवाखान्यात गेलो. तिथलं बीपीचं यंत्र घड्याळासारख्या गोल डायलचं. पोराने पट्टा बांधला आणि फुगा हातात घेतला तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब बाळा. काटा आठावर हाय." खरंच, हवा न भरताच काटा शून्याच्या पुढे टेकला होता. असली यंत्रं पडली-झडली की काटा सरकतो, म्हणून ती ठरावीक काळाने पडताळून घ्यायची असतात. पोरगं गोरंमोरं झालं, कपाटातून दुसरं यंत्र आणलं. बाकावरच्या चौघांनी आपापले कागद काढून पुन्हा मोजायची मागणी केली आणि आमच्यामुळे ओपीडी पाऊण तास लांबली.

नमुन्यादाखल आप्पांच्या वहीतल्या अलीकडच्या नोंदी देतो. नवशिक्यांनी याच पद्धतीने लिहाव्यात.

सोमवार, सकाळी ७. बसून. चहा नाही. उजवा हात. १३८/८२, मग १३४/८०.

मंगळवार, सकाळी ७. बसून. चहा नाही. १५२/८६. मोसंबीचा भाव ऐकल्यावर. धरू नये.

बुधवार, दवाखान्यात. जिना चढून. १४६/८४. काटा शून्यावर होता, स्वतः पाहिला.

गुरुवार, संध्याकाळ. १४०/८२. सूनबाई शेजारी बोलत होती. मी बोललो नाही.